अंडी प्यालेली भिंत

संपादकांचा निरोप आला की निजामाच्या राज्यातले अनुभव लिहून द्या. त्यांना काय हवं होतं ते मला कळलं. रझाकार, गावोगावची धरपकड, जंगलात काढलेले दिवस. ते लिहिणारे आमच्या जिल्ह्यात पुष्कळ आहेत, आणि त्यातले निम्मे तेव्हा माझ्याइतकेच घाबरून घरात बसले होते. मी लिहिणार आहे एका भिंतीबद्दल. माझं शिक्षण सगळं उर्दूतून झालं, त्यामुळे काना-मात्रा सांभाळायची जबाबदारी संपादकांची.

मी फर्राश होतो. आजच्या मुलांना हा शब्द सांगितला की ती फरशी पुसणारा समजतात, आणि तसं समजण्यात फार चूक नाही. फर्राश म्हणजे बैठकीची जागा बसण्याजोगी ठेवणारा माणूस. जाजमं, गालिचे, गाद्या, लोड, पडदे, दिव्यांच्या काचेच्या हंड्या, झुंबरं, भिंती, सगळं त्याच्या अंगावर. हैदराबादला नवाबांच्या घरी म्हणे फर्राशांची फौज असायची. धाराशिवच्या गुलशन मंजिलमध्ये ती फौज म्हणजे मी एकटा. सरकारी कागदावर गावाचं नाव उस्मानाबाद होतं, बाजारात धाराशिव. मंजिलच्या पाटीवर शेटजींनी दोन्ही लिहून घेतली होती. कुठलंही गिऱ्हाईक नाराज व्हायला नको.

मंजिल बांधली ती एका जहागीरदारानं, आपल्या पाहुण्यांसाठी. त्याच्या वारसांना पाहुणे झेपेनात, म्हणून त्यांनी ती आमच्या गुरुलिंगप्पा शेटजींना विकली. शेटजी लिंगायत, घरची अडत. त्यांनी मागच्या चौकात बिऱ्हाड थाटलं आणि पुढं हॉटेल काढलं. हॉटेल म्हणजे भजी आणि चहा नव्हे. खोल्या, पलंग, अंघोळीला गरम पाणी, दोन वेळचं जेवण. कोर्टाच्या तारखेला आलेले जमीनदार, कापसाचे व्यापारी, दौऱ्यावरचे अंमलदार, सगळे तिथंच उतरायचे. आणि उतरायचे ते दिवाणखान्यासाठी.

त्या दिवाणखान्याची लांब भिंत आरशासारखी होती. आरसा लावलेली नव्हे, भिंतच आरशासारखी. चुन्याचीच, पण घोटलेली. तिच्यासमोर माणूस उभा राहिला की समोरून दुसरा माणूस यायचा. जरा दुधाळ, जरा लांबचा, पण नाकीडोळी ओळखू येणारा. नवीन गिऱ्हाईक आत शिरलं की पहिल्यांदा दचकायचं आणि मग पागोटं नीट करायचं. मी बेंबळीहून नोकरीला आलो त्या दिवशी मीही भिंतीतल्या माणसाला रामराम केला होता. शेटजी गादीवर बसून पोट धरून हसले, आणि मला वाटतं त्या हसण्यातच त्यांनी मला ठेवून घेतलं.

अशी भिंत सांभाळायची म्हणजे काय करायचं, तर पहिलं, काही करायचं नाही. पाण्याचा हात लावायचा नाही. झाडू टेकवायचा नाही. जुन्या धोतराचा, धुऊन धुऊन मऊ झालेला तुकडा घ्यायचा आणि वरून खाली हलका फिरवायचा. हंड्यांच्या आणि कंदिलांच्या धुरानं वरची बाजू काळवंडायची. त्यावर उपाय कणकेचा. घट्ट मळलेला गोळा भिंतीवरून हलकेच लोळवायचा. काजळी कणकेला चिकटते, भिंत उजळते. आमचा स्वयंपाकी बोंब मारायचा, ‘धोंडिबा, मंजिलीत जेवतंय कोण, गिऱ्हाईक का भिंत?’ मी म्हणायचो, भिंत. भिंत जेवली तर गिऱ्हाईक येतं.

खरा शत्रू तेल. त्या काळात माणसं डोक्याला तेल लावत नसत, ओतत असत. आणि गादीवर बसलेला माणूस जेवणानंतर मागं टेकणारच. तो उठला की भिंतीवर पिवळसर गोल डाग. तिथं तेवढा पाण्याचा अपवाद करायचा, खडूची भुकटी थेंबभर पाण्यात घट्ट कालवून थापायची, वाळू द्यायची, मग कुंच्यानं झाडायची, असं दोन-तीनदा केलं की डाग फिका होतो. जात नाही. एका गुरुवारच्या कोर्टानंतर मी भिंतीवर सात डोकी मोजली आणि त्या सातही जणांना मनातल्या मनात गावठी शिव्या घातल्या.

येरमाळ्याकडचे एक पाटील वरचेवर यायचे. भाऊबंदकीचा दावा होता, तो त्यांच्या वडिलांपासून चालला होता. आडदांड माणूस, मानेपर्यंत केस, आणि त्यावर तेल असं की शिकेकाईनं हात टेकावेत. मी त्यांच्या मागं हळूच एक जाड चादर टांगली. पाटलांनी ती पाहिली आणि भडकले.

‘का रं, आमचं डोस्कं काय उष्टं हाय व्हय?’

शेटजी गल्ल्याशी बसले होते, त्यांचा चेहरा पडला. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘तसं न्हाय पाटील. चुन्याची भिंत हाय. टेकून टेकून केस झडत्यात. आमच्या शेटजींकडंच बघा की.’

शेटजींच्या डोक्यावर एक केस नव्हता. पाटलांनी शेटजींकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं, आणि ताठ बसले. पुढं त्यांनी ही बातमी अख्ख्या कळंब तालुक्यात पोचवली. मंजिलची भिंत टक्कल पाडते, हे लोकांना इतकं पटलं की कोर्टाच्या दिवशी माणसं भिंतीपासून हातभर पुढं सरकून, पाठ दुखेपर्यंत सरळ बसायची. माझं अर्धं काम संपलं. शेटजी मात्र बरेच दिवस माझ्याशी घुश्श्यात होते, आणि त्या दिवसांत ते टोपी घालून बसायला लागले.

आता घरातल्या खऱ्या मालकाबद्दल सांगतो. शेटजींच्या आई, गौरव्वा. आम्ही सगळे त्यांना अव्वा म्हणायचो. मुरूमच्याही पलीकडच्या, कानडी मुलखातल्या. ऐन तरुणपणी नवरा गेला, लेकराला घेऊन अडत चालवली, वाढवली. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, आवाज असा की मागच्या चौकातून पुढच्या ओट्यावरचा हमाल सरळ व्हावा. मंजिलमध्ये त्यांचा एकच कायदा होता. मांस-मच्छीचा प्रश्नच नव्हता, पण अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येता कामा नये. एकदा एका बड्या अंमलदाराच्या डब्यात उकडलेली अंडी निघाली. अव्वांनी त्यांना डब्यासकट बाहेरच्या ओट्यावर बसवलं. साहेब शेरवानीची बटणं सोडून, ऊन खात, निमूटपणे अंडी खात बसले. अव्वांनी आतून लोणचं पाठवलं, पण ते वाटीत, आणि वाटी परत घेतली नाही.

तर या घरात भिंत फुटली.

बार्शीकडून येडशीपर्यंत छोट्या गाडीनं आणि तिथून बैलगाड्यांनी एक वऱ्हाड आलं. नवरदेवाचा मामा हौशी. त्याला वाटलं, दिवाणखान्यात झेंडूची माळ या टोकापासून त्या टोकापर्यंत टांगावी. मी जाजमं झटकायला मागं गेलो होतो. त्यानं कुठूनसा खिळा पैदा केला आणि पायातल्या जोड्यानं ठोकला. मला आवाज ऐकू आला तो खिळ्याचा नव्हे, गिलावा पडल्याचा. धावत आलो तर भिंतीच्या मधोमध, माणसाच्या छातीच्या उंचीवर, सुपाएवढं भगदाड. आत विटा दिसत होत्या. मामा जोडा हातात धरून उभा, म्हणाला, ‘बघा की, भिंत लई कच्ची हाय तुमची.’ त्याला मी काय बोललो ते या अंकात छापता येणार नाही. लग्नघर होतं म्हणून तो वाचला.

वऱ्हाड गेल्यावर शेटजींनी भगदाड पाहिलं आणि त्यांच्यातला व्यापारी जागा झाला. सोलापुरात एक रंगारी आहे, तो सगळी भिंत गुळगुळीत करून हिरवा ऑइलपेंट मारून देतो. पुसायला सोपा, तेलाचा डाग दिसत नाही. ‘तुझंबी काम हलकं हुईल की धोंडिबा,’ ते म्हणाले. हिरवा ऑइलपेंट त्यांनी बघितला होता तो दवाखान्यात. मी हात जोडले. म्हटलं, नळदुर्गला करीमसाब उस्ताद आहेत, असलं काम करणारा आता तोच एक माणूस. एकदा त्यांना दाखवा. नाही जमलं तर मारा हिरवा. शेटजी तयार झाले.

उस्ताद आले. वाळकेसे, डोळे बारीक, बोटं चुन्यानं खाल्लेली. भिंतीपुढं उकिडवे बसले आणि बराच वेळ तिला नुसता हात लावत राहिले. नजर लागू नये अशा बेतानं हळूच माशाल्ला म्हणाले. मग मला सामान सांगायला लागले. जुना मुरवलेला चुना, बारीक वाळू, शंखजिऱ्याची पूड, घोटायचा गुळगुळीत गोटा त्यांचा स्वतःचा होता. ‘और दो टोकरे अंडे.’

मी डोळ्यांनी खुणा करत होतो, कारण अव्वा दारात येऊन उभ्या होत्या. उस्तादांना खुणा कळल्या नाहीत. उलट कारागिराला आपल्या कामाचं कौतुक कुणी ऐकतंय म्हटल्यावर जो जोर येतो तो आला.

‘अंडी कशाला?’ अव्वांनी विचारलं.

‘अजी अम्मा, अंडे के बगैर ये चमक कां से आती? ये पूरी दीवार अंडे पी के बैठी है. टोकरे के टोकरे. सफेदी चुने में, फिर घोटो, फिर सफेदी, फिर घोटो. इत्ते अंडे तो हैदराबाद की दावत में बी नै लगते!’

बोलून झाल्यावर त्यांनी आमची तोंडं पाहिली आणि त्यांना कळलं की काहीतरी चुकलं. अव्वा भिंतीकडं बघत होत्या. त्याच दिवाणखान्यात दर सोमवारी भजन व्हायचं, मठातल्या अय्यांना, म्हणजे जंगमांना, बोलावून जेवण घातलं जायचं. दुपारी गिऱ्हाईक खोल्यांत निजलं की अव्वा त्या भिंतीशी गारव्याला बसायच्या, तिथंच फराळ करायच्या. इतकी वर्षं, अंड्याला पाठ लावून.

‘शिव शिव,’ एवढंच म्हणाल्या. मग शेटजींकडं वळून, ‘समदी खरवडून टाक. एक टवका ठिवू नगंस.’

उस्तादांनी गोटा पुन्हा फडक्यात बांधला. मी दिवाणखान्याच्या कोपऱ्यात गाद्यांच्या थप्पीमागं जाऊन रडलो, हे सांगायला आता मला लाज वाटत नाही. बढाई म्हणून नाही सांगत, पण त्या भिंतीचा इंच न् इंच माझ्या हाताखालून गेला होता. भिंत गेली की मंजिल म्हणजे खोल्यांची रांग, आणि मी म्हणजे फरशी पुसणारा.

शेटजींनाही आता वाईट वाटायला लागलं. ऑइलपेंट मारणं वेगळं आणि खरवडणं वेगळं. त्यांनी अय्यांना विचारून पाहिलं. अय्या हसून म्हणाले, लिंगधाऱ्याला विटाळ कसला? चुन्यात काय जिवंत राहतं? शेटजींनी तो शब्द घरी आणला. अव्वा म्हणाल्या, ‘अय्या पाटावर बसून जेवले. मी टेकून जेवलेय.’ विषय संपला.

खरवडायचा दिवस ठरला. दोन बेलदार छिन्नी-हातोडी घेऊन आले. उस्तादांना मी परत नळदुर्गला जाऊ दिलं नव्हतं, उगीच, काहीतरी होईल म्हणून. ते ओट्यावर विडी ओढत बसले होते. मी सगळे गालिचे उचलले, झुंबरावर चादर बांधली. शेटजी गल्ल्याशी बसून डोक्यावरची टोपी काढत होते आणि घालत होते. अव्वा स्वतः पुढं झाल्या, कारण आमच्यावर त्यांचा भरवसा नव्हता.

‘दाराकडनं सुरू करा.’

बेलदारानं छिन्नी टेकवली.

‘थांब. तिथनं उजेड येतोय. घाण दिसंल. त्या टोकाकडनं कर.’

तो त्या टोकाला गेला.

‘तिथं ब्याड, नगं. खालनं कर.’

त्यानं उकिडवं बसून खाली छिन्नी धरली. अव्वा म्हणाल्या, खाली ओल असते, वरनं कर. त्यानं शिडी मागवली. शिडी आल्यावर अव्वांना शिडीच आवडली नाही. बेलदार माझ्याकडं बघायला लागला. मी शेटजींकडं. शेटजींनी टोपी घातली.

‘साकु,’ अव्वा एकदम म्हणाल्या. पुरे. ‘भाईर व्हा समदे. धोंडिबा, तू थांब. दार लोट.’

मी दार लोटलं. आता मला शिव्या बसणार, असं वाटलं. अव्वा भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. भगदाडाच्या जरा डावीकडं. भिंतीतून दुसऱ्या अव्वा त्यांच्याकडं बघत होत्या. भस्माचे पट्टे, डोक्यावरचा पदर, सगळं दुधाळ उजेडात. अव्वांनी पदराबाहेर आलेली एक बट हळूच आत सारली.

‘धोंडिबा,’ त्या म्हणाल्या, आणि तो आवाज मागच्या चौकातून पुढच्या ओट्यावर जाणारा नव्हता. ‘आमच्यात बाई रंडकी झाली की आरसा हातात घेत न्हाई. सासूनं काढून घेतला. तुझे शेटजी तवा रांगत हुते. तवापासून म्या आरसा बघितला न्हाई. शिवाची आण.’

मी दोन पावलं पुढं झालो, तसा भिंतीत त्यांच्यामागं मीही दिसायला लागलो.

‘ही भिंत म्हंजे आरसा न्हवं. व्हय का न्हाय?’

हे विचारताना त्या माझ्याकडं बघत नव्हत्या, भिंतीतल्या माझ्याकडं बघत होत्या. माझं वय तेव्हा पंचविशीचं, पण मला त्या क्षणी कळलं की दुपारी त्या गारव्याला का बसायच्या, आणि मी भिंत पुसली की त्या इतक्या जवळ येऊन ‘नीट पुसलंस का’ म्हणून का तपासायच्या.

‘न्हाय अव्वा,’ मी म्हणालो. ‘आरसा कसला? भिंतच हाय ती.’

‘मग ऱ्हाऊ दे भिंत.’ त्यांनी नाक पुसलं आणि आवाज जागेवर आला. ‘पर नवं अंडं उंबऱ्यात येणार न्हाई. सांग त्या तुझ्या उस्तादाला!’

उस्तादांना सांगितलं. त्यांनी विडी विझवली, आभाळाकडं बघितलं, आणि म्हणाले की कानडी मुलखात मठाच्या कामाला त्यांनी दही वापरलं होतं. दही, बेलाचा गर आणि भिजवलेल्या उडदाचं पाणी. ‘चमकेगी. लेकिन बराबर नै होती, पैलेच बोल देतुं.’ अव्वांनी घरच्या गाईंचं दही काढून दिलं. पहिल्या दिवशी विरजण आंबट नाही म्हणून उस्तादांनी परत पाठवलं, तेव्हा अव्वांनी त्यांच्याशी जे भांडण केलं ते ऐकायला शेजारची अडत बंद करून माणसं ओट्यावर आली. दोघंही आपापल्या भाषेत, दोघांनाही दुसऱ्याचं सगळं कळत होतं. त्यानंतर उस्तादांचं जेवण आतून पत्रावळीऐवजी घरच्या ताटात यायला लागलं.

चुना वाळायला सवड द्यावी लागते, तोवर पुढचं सांगून टाकतो. शेटजी गेले, मुलांनी वाटण्या केल्या, हॉटेल बंद झालं. मी बसस्टँडजवळच्या एका लॉजवर कामाला लागलो, तिथं भिंतींना खरोखरच हिरवा ऑइलपेंट होता. निवृत्त झालो तो तिथूनच. मंजिलमध्ये आता कापडाचं दुकान आहे आणि आमच्या भिंतीवर छतापर्यंत लाकडी खण ठोकलेत. किती खिळे असतील त्याचा हिशेब मी करत नाही, रक्तदाब वाढतो. नातीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही तिथंच गेलो. सगळे साड्यांत गुंतले तेव्हा मी दोन खणांच्या फटीतून हात घातला. गार लागली. दुकानदार म्हणाला, ‘आजोबा, काय हवंय तिकडं?’ मी म्हणालो, काही नाही. जपायला हवी होती ती वस्तू माझ्या हातून सुटली, याचं वाईट वाटतं. त्यात माझा काही इलाज नव्हता, तरी वाटतं.

असो. ठिगळ वाळलं. उस्तादांनी शेवटचा हात घोटला. गोटा फिरवताना ते गुणगुणायचे, आणि गुणगुणणं थांबलं की समजायचं चमक आली. ते थांबले. सांधा बोटाला लागत नव्हता, डोळ्यांना मात्र दिसत होता. जुनी भिंत लोण्यासारखी पिवळसर, दह्याचा तुकडा पांढराफटक. शेटजी म्हणाले, झकास. मी म्हणालो, झकास. उस्ताद काहीच म्हणाले नाहीत, कारण त्यांना खोटं बोलता येत नसे. आम्ही तिघंही दाराकडं बघत राहिलो.

अव्वा आल्या. ठिगळासमोर उभ्या राहिल्या. मी पटकन शेटजींना आणि उस्तादांना ओट्यावरचं काहीतरी दाखवायला घेऊन गेलो, पण दार पुरतं लोटलं नाही.

बराच वेळ त्या नव्या तुकड्यात बघत होत्या. मान इकडं केली, तिकडं केली. मग आतून आवाज आला, उस्तादांना ऐकू जाईल इतका मोठा.

‘दह्यात म्या लई म्हातारी दिसायलेय!’

आणि दोन पावलं डावीकडं सरकून, अंडी प्यालेल्या भिंतीपुढं उभं राहून, त्यांनी डोक्यावरचा पदर सावकाश, नीट बसवला.